रेडिएटरला बटण, ब्रोन्यूसला पलंग

काउनास शहरातल्या एका पाचमजली इमारतीत हीटिंग सुरू झालं का, हे बघायला रेडिएटरला हात लावावा लागत नसे. चौथ्या मजल्यावरच्या ब्रोन्यूसची उशी स्वयंपाकघरात गेली की समजायचं, झालं सुरू. मग थेट एप्रिलपर्यंत त्याचा मुक्काम तिथल्या आखूड सोफ्यावर, पाय फ्रिजला टेकवून. अशी दहा वर्षं झाली.

ब्रोन्यूसने उभी हयात पावाच्या कारखान्यात भट्टीपुढे काढलेली, त्यामुळे उकाडा म्हटलं की त्याचा जीव अर्धा व्हायचा. त्याची बायको स्तासे जुलैतही लोकरीचे मोजे घालायची. गावच्या बॉयलरचं गरम पाणी सगळ्या घरांतून सारखंच धावायचं. रेडिएटरला ना चावी, ना खटका. उकडलं तर खिडकी उघडायची, एवढाच उपाय. आणि वाऱ्याच्या झोताने मान धरते, कान ठणकतो, धडधाकट माणूस आडवा होतो, यावर स्तासेची देवाइतकीच श्रद्धा. तेव्हा दोघांपैकी एकाने खोली सोडायची हे ओघानेच आलं, आणि कोणी सोडायची यावर चर्चा वगैरे झाली नाही.

म्हणून प्रत्येक रेडिएटरवर तापमानाचं बटण बसवायचा ठराव आला, तेव्हा एरवी इमारतीच्या सभेत डुलक्या काढणाऱ्या ब्रोन्यूसने दोन्ही हात वर केले.

"काका, मत एकच धरणार हं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

बटणं बसली. एक ते पाच आकडे. सोमवारी ब्रोन्यूस उशी काखेत मारून बेडरूमच्या दारात हजर.

"दोनावर ठेवू."

"चारावर," स्तासे म्हणाली.

"आठवडाभर दोन, आणि खिडकी जराशी उघडी. नाही जमलं तर मी जातो सोफ्यावर, आणि मरेपर्यंत पुन्हा ब्र काढणार नाही."

"लेखी देतोस का?"

सोफ्याचं त्याला एवढं काही वाटत नव्हतं. त्याला स्तासेची आठवण यायची. पण भिंतीपलीकडे झोपणाऱ्या बायकोची आठवण येते, हे सत्तरीच्या माणसाने कुठल्या तोंडाने सांगायचं?

दोनावर ठेवूनही रेडिएटरवर हात ठेववेना. ब्रोन्यूसने बटण एकावर आणलं आणि खिडकी आणखी उघडली. रेडिएटर तसाच फणफणलेला. चौथ्या दिवशी स्तासेची मान धरली. शाल गुंडाळून, तिरकं बघत ती म्हणाली, "तीन दिवस उरले."

शनिवारी ब्रोन्यूसने बटणं बसवणाऱ्या फिटर एगिदियुसला बोलावून दारातच धारेवर धरलं. "फसवलंत आम्हाला! नुसतं प्लास्टिकचं बोंड लावलंय. कमी केलं तरी तापतंच!"

एगिदियुसने बटणावर हात धरला, मग मान वर करून बघितलं. "काका, ही खिडकी?"

"तिचं काय? उकडतं म्हणून उघडी ठेवलीय."

"बटणाला गारठा कळतो. तुम्ही त्याच्या डोक्यावर बर्फाळ वारा सोडलाय. ते बिचारं समजतंय की घरात माणसं गारठून मरतायत. अख्खा काउनास तापवायला निघालंय ते!"

स्तासे हसली आणि मान धरून कळवळली.

"मग बंद करायची?" ब्रोन्यूसने विचारलं. चारचौघांत विजार उतरवायला सांगितल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"बंद. सकाळी पाच मिनिटं हवा येऊ द्या, पुरे."

त्याने खिडकी लावली आणि बटण दोनावर आणलं. संध्याकाळपर्यंत खोली खरोखरच गार झाली. ब्रोन्यूस उगाचच आतबाहेर करत राहिला.

रविवारी दुपारी बटाट्याचं कुगेलिस चापून तो पलंगावर आडवा झाला. आठवड्याचा शेवटचा दिवस. तेवढ्यात स्तासे दोन स्वेटर चढवून आत आली.

"मला थंडी वाजतेय," ती म्हणाली.

जिंकत आणलेलं सगळं हातचं चाललं होतं. ब्रोन्यूस उठला आणि त्याने बटण स्वतःच्या हाताने चारावर नेलं. उकडून मेलो तरी चालेल, पण सोफा नको.

स्तासेने त्याच्या हातावर चापट मारली आणि बटण परत दोनावर आणलं.

"तुला कोणी सांगितलं वाढवायला? सरक तिकडे."

तो सरकला. लोकरीचे मोजे, दोन स्वेटर आणि शाल यांच्यासकट ती त्याला बिलगली. पाच मिनिटांत ब्रोन्यूस घामाने निथळला, पण त्याने कूस बदलली नाही.