पहिल्या कागदावरची दुसरी सही

निवडणुकीच्या हंगामात बर्निस हुडाकच्या अंगणात नेहमी दोन पाट्या लागत. फाटकाच्या एका बाजूला तिची निळी, दुसऱ्या बाजूला तिच्या नवऱ्याची, मायलोची लाल. बर्निसचे वडील पोलाद कारखान्यातल्या युनियनचे, म्हणून ती जन्मापासून निळ्या पक्षाची. मायलो कारखाना बंद पडल्यावर चिडून लाल झाला आणि लालच राहिला. शेजारची लोरेटा म्हणायची, "तुमच्या घरचं मतदान म्हणजे एकानं मीठ घालायचं आणि दुसऱ्यानं पाणी ओतायचं."

पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या त्या नदीकाठच्या गावात कारखाना निळ्यांच्या राज्यात बंद पडला, हायस्कूल लालांच्या. इस्पितळातला तातडीचा विभाग बंद झाला, तेव्हा मात्र दोन्ही पक्षांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि दोघांनीही तो पुन्हा उघडायचं वचन दिलं. ते वचन तीन निवडणुका पुरलं.

मधल्या एका जानेवारीत मायलोच्या छातीत कळ आली. अग्निशमन दलाची रुग्णवाहिका वेंडेल स्ट्राउस चालवत होता. डोंगरापलीकडच्या इस्पितळात गाडी पोचली, मायलो पोचला नाही.

वर्ष उलटल्यावर वेंडेल तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "राज्याच्या विधानसभेला उभा राहतोय. लाल नाही, निळा नाही. तो विभाग उघडा, एवढंच बोलणार."

"मायलो असता तर पोट धरून हसला असता."

"हसला असता खरा. पण त्या रस्त्यानं मी दर आठवड्याला कुणाला तरी नेतो, बर्निस. आपल्या दोन्ही पक्षांच्या आमदारांपैकी कुणी गाडीत मागे झोपलेला मला आठवत नाही."

बर्निसनं त्याच्या कपात कॉफी ओतली आणि विचारलं, "मी काय करू?"

मतपत्रिकेवर तिसरं नाव छापून यायला मतदारांच्या सह्या लागत, दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना लागत त्याच्या दुपटीहून जास्त. प्रत्येक कागदाखाली सह्या गोळा करणाऱ्यानं शपथेवर लिहून द्यायचं, की या ज्याच्या त्यानंच केल्या आहेत. बर्निसनं ते काम अंगावर घेतलं. आजवर दोन वाइटांतला कमी वाइट निवडता निवडता ती थकली होती. मरायच्या आधी एकदा तरी मनापासून कुणाला मत द्यायचं होतं.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी, मांस वर्ज्य म्हणून, चर्चच्या सभागृहात तळलेल्या माशांचं जेवण असे, सगळं गाव तिथे लोटे. दारापाशी कूपनांच्या टेबलावर बर्निस वर्षानुवर्षं बसत आलेली. तिनं शेजारी कागद मांडले. कोऱ्या कागदावर पहिली सही करायला कुणी धजत नाही, म्हणून तिनं आधी स्वतःची केली. मग रांग लागली.

"मत वाया जाईल गं," म्हातारा डेंटन म्हणाला.

"तुझं कुठलं मत वाया नाही गेलं, डेंटन? दाखव तरी, कुठे जपून ठेवलंयस."

"वेंडेल मतं खाणार आणि लाल निवडून येणार," एकजण म्हणाला.

"छे, निळाच येईल," त्याच्याच ताटातले बटाटे उचलत त्याचा मेहुणा म्हणाला.

"तुम्ही दोघं आधी ठरवा, मग मला सांगा," बर्निस म्हणाली. "तोवर सही करा."

त्या गावात नवऱ्याचं नाव बायकोच लिहायची. शोकपुस्तकात, सोडतीच्या चिठ्ठीवर, नाताळच्या कार्डावर, सगळीकडे. पुरुषांचे हात कायम कशात तरी गुंतलेले. बर्निसला हे ठाऊक होतं, म्हणून ती प्रत्येकीला बजावत होती, "फक्त तुझी कर. त्याला हात धुऊन येऊ दे." लोरेटा तर चिडलीच. "चाळीस वर्षं त्याचं सगळं मीच लिहितेय, आजच काय झालं?" बर्निसनं तिच्या हातातून पेन काढून घेतलं.

ऑगस्टमध्ये सह्यांवर आक्षेप आला. डोंगरापलीकडच्या कोर्टात लालांचा आणि निळ्यांचा वकील एका बाकावर बसले होते, एकाच थर्मासमधली कॉफी पीत. त्यांतल्या तरुणानं पहिला कागद तिच्यासमोर धरला.

"बाई, पहिली सही तुमची?"

"हो."

"आणि तिच्याखालची?"

बर्निसनं चष्मा सारखा केला. तिच्या सहीखाली, शाळेत नन्सनी घोटून घेतलेल्या तिच्याच तिरप्या अक्षरात, मायलो हुडाक लिहिलेलं होतं.

"हे गृहस्थ कुठे राहतात?"

"टेकडीवर," ती म्हणाली. मग आवाज सावरून म्हणाली, "दफनभूमीत."

कुणीच हसलं नाही. कुणी हसलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

एक शपथ खोटी, तर तिचे सगळेच कागद संशयास्पद. बाहेरच्या व्हरांड्यात वकिलांनी वेंडेलला नीट समजावलं. नाव मागे घेतलं तर गोष्ट इथेच मिटेल. नाही तर बाईंवर खोट्या शपथेचा खटला.

"होऊ दे खटला," बर्निस म्हणाली. "तुरुंगातला स्वयंपाक तरी सुधारेल. तू माघार घेऊ नकोस, वेंडेल."

"मी विभाग उघडायला निघालो होतो. मायलोच्या बायकोला आत घालायला नाही."

"त्या बाकीच्या सह्या खऱ्या आहेत रे."

"ठाऊक आहे," तो म्हणाला आणि सही करायला आत गेला.

परतीच्या वाटेवर, खिंडीतल्या एका वळणावर, पुढे गाडी नसताना, वेंडेलचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. इतके दिवस बर्निसनं त्याला विचारलं नव्हतं, मायलोनं कुठे प्राण सोडला. आता विचारायची गरज उरली नाही.

त्या हंगामात तिच्या फाटकापाशी एकही पाटी लागली नाही.

नोव्हेंबरात ती मतदानाला गेली. मतपत्रिकेवर दोन नावं आणि त्यांच्याखाली, हवं ते नाव हातानं लिहायला, एक रिकामी ओळ. त्या ओळीत तिनं वेंडेल स्ट्राउस लिहिलं, सावकाश. मग पेनाला टोपण लावलं आणि कागद उजेडाकडे धरून पाहिलं, खाली आणखी कुणाचं नाव तर लिहिलं गेलं नाही ना.

शनिवारी स्थानिक वर्तमानपत्रात निकाल छापून आला. लाल जिंकला, निळा पडला. त्यांच्याखाली बारीक टाइपात "इतर" आणि त्यापुढे एक लहानसा आकडा. नाव नव्हतं.