वरच्या मजल्यावरची जगबुडी

ईशान, मुक्ता, तुमच्या त्या नव्या खेळात वाळवंटातली एक म्हातारी भांडं रिकामं परत देणाऱ्यांना दटावते आणि ती अगदी माझ्यासारखी का वाटते, असं परवा तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर सांगायला गेले तर आजोबा मध्ये बोलतात, म्हणून लिहूनच पाठवते.

ती म्हातारी घडवणारा आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. जगबुडीची इतकी जय्यत तयारी असलेला आणि गुरुवारच्या पाणीकपातीची काडीचीही तयारी नसलेला दुसरा माणूस कर्वेनगरात झाला नसेल. जग संपल्यावर पाण्याला काय भाव येईल, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई, आणि दर गुरुवारी सकाळी तो बादली घेऊन आमच्या दारात उभा. "आजी, आज नळ नाही आले का?" "नाही आले. मागच्या गुरुवारीही आले नव्हते," मी म्हणायची. "हो का," असं म्हणून तो दर खेपेला नव्याने चकित व्हायचा.

तो चंद्रपूरकडचा, खराडीला खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. तुम्हाला तो खेळ माहीतच आहे: जग उद्ध्वस्त झालेलं, थोडी गावं उरलेली, थोडे ट्रक. एका गावात मीठ, दुसऱ्यात औषधं, तिसऱ्यात टायर. ट्रकांचा तांडा करून माल इकडून तिकडे न्यायचा. नोटांना अर्थ उरलेला नाही, म्हणून व्यवहार सगळा पेट्रोलमध्ये. कुठल्या मालाला किती पेट्रोल मोजायचं आणि कुठली गाडी किती पिते, हे ठरवायचं काम याचं. "आपण गाडी चालवतो म्हणजे नोटाच जाळत जातो, आजी," हे त्याचं लाडकं वाक्य.

रविवारी तो आमच्या पार्किंगमध्ये फिरे आणि जग बुडाल्यावर कुणाची गाडी टिकेल ते न विचारता सांगे. सोसायटीच्या सेक्रेटरींची नवी कोरी गाडी त्याने तिथल्या तिथे बाद केली. "एक सेन्सर गेला की कोंबड्या ठेवा हिच्यात, काका." आजोबांच्या जुन्या स्कूटरला मात्र पहिला नंबर. "ही चालत राहील, आजोबा. हिच्यात बिघडायला आता उरलंच काय?" तेव्हापासून स्कूटर विकायचा विषय घरात बंद आहे. एकदा मी त्याला येताना कोथिंबीर आणायला सांगितली, तर हा खडेमीठ घेऊन आला. "कोथिंबीर टिकत नाही." ते मीठ आम्ही अजून खातो आहोत.

मी अधूनमधून त्याला काही खायला द्यायची आणि डबे वरच अडकून पडायचे. शेवटी मीच वर गेले. पाहते तर सगळे घासूनपुसून ओळीत मांडलेले.

"अरे, मग आणून द्यायचे ना."

"रिकामे कसे देऊ? आई म्हणते, डबा रिकामा परत देऊ नये. आणि माझ्याकडे टाकायला काही नसते."

"चिमूटभर साखर टाक. काहीही टाक."

हे त्याने फारच मनावर घेतलं. मग डब्यातून कधी टॉर्चचे सेल आले, कधी आगपेट्या, कधी सुईदोरा. "पुढे यालाच भाव राहील, आजी." आमचं स्वयंपाकघर आता कुठल्याही संकटाला तयार आहे.

आणि एका संध्याकाळी तो खाली आला. चहा पुढे ठेवला तो तसाच निवला. खेळ बाजारात यायला थोडे दिवस उरले होते, आणि चाचणीसाठी बसवलेली मुलं व्यापार करतच नव्हती. माल पोचवला की ट्रक रिकामा परत, आणि परतीचं पेट्रोल पदरचं. एकदोन फेऱ्यांत कंटाळून सगळे एकमेकांना लुटायला लागत. साहेबांनी सांगितलं होतं, तांडे काढून टाक, लूटमार तेवढी ठेव. म्हणजे त्याचं इतक्या वर्षांचं काम केरात.

"जग बुडालं की माणसं फक्त लुटतात, असं म्हणून राहिले ते. मले नाही पटत, आजी."

मी गूळपोळ्यांचा डबा त्याच्या हातात ठेवला. तो उठला. "आता यात काय टाकू?" असं पुटपुटला आणि दारातच थबकला.

"रिकामा जाऊच द्यायचा नाही," तो म्हणाला.

"अरे, राहू दे. डब्याची काही घाई नाही."

"डबा नाही, ट्रक."

आणि चपला आमच्याच दारात टाकून तो जिना चढला.

नियम साधा होता. ज्या गावाने माल घेतला, त्याने परतीच्या ट्रकमध्ये काहीतरी घालायचंच. मग ते पहिल्या गावाला पोचलं की त्यालाही ट्रक पुन्हा भरून पाठवावा लागे. पाहता पाहता चाचणीतले तांडे थांबेनासे झाले. साहेबांनी ते ठेवले. फक्त हा नियम खेळणाऱ्यांना शिकवायला कुणीतरी वडीलधारं हवं होतं. मला विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

दिवाळीनंतर तो बंगळूरला गेला, मोठ्या नोकरीवर. वर आता एक शिस्तीचं जोडपं राहतं. ते बुधवारी रात्रीच पाणी भरून ठेवतात. गुरुवारी सकाळी आमची बेल वाजत नाही, तरी मी एक बादली जास्तीची भरते.

निघताना त्याला प्रवासासाठी दशम्या दिल्या होत्या. तो चपटा डबा अजून त्याच्याकडेच आहे.