माशांच्या जिन्यावरची उलटी चित्रं

बंधाऱ्याच्या वरच्या डोहात माशांची पिल्लं दिसली आहेत. परवा यूसुफचाचांनी फोन करून सांगितलं. त्याच डोहात ते जाळं टाकतात, त्यामुळे खबर पक्की. "बंधारा झाल्यापासून पहिल्यांदा," असं ते दोनदा म्हणाले.

मी तिथे गेलो तेव्हा मात्र एकही मासा वर चढलेला नव्हता.

देवगाव रंगारीच्या पुढे शिवना नदीवर सिमेंटचा बंधारा आहे. अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर जाणारे मासे त्या भिंतीशी अडायचे. म्हणून गावाने बंधाऱ्याच्या कडेला पायऱ्या बांधल्या. त्यांवरून पाणी टप्प्याटप्प्याने उतरतं आणि मासे उड्या मारत चढू शकतात. महिला बचत गटाने या जिन्याची बाहेरची भिंत रंगवली. ती चित्रं मोबाइलवर पाहिली आणि रविवारी बजाजनगरहून दुचाकी काढली.

दौलताबाद, वेरूळ, कसाबखेडा असा रस्ता. शेवटची वाट कच्ची आहे, चारचाकी डांबरीवरच ठेवा. चहा-भजी देवगावातच उरका. दोघांचं शंभरात भागतं, पुढे काही मिळत नाही.

भिंत फोटोपेक्षा देखणी निघाली. एका माशाला मक्याच्या दाण्यांचे खवले, दुसऱ्याच्या शेपटीला हिरव्या बांगड्या. पण गटाच्या अध्यक्ष सुनंदाताई साळवे आणि चौघीजणी घोट्याभर पाण्यात उभ्या राहून तीच चित्रं पुसून पुन्हा काढत होत्या.

"काय झालं?"

"चाचांना इचारा," सुनंदाताई म्हणाल्या.

काठावरून चाचा हसले. "समदे मासे खाली चाललेत! जिना चढायला बांधला का उतरायला?"

महालक्ष्म्यांची पावलं दारातून घरात येणारी काढायची, हे बायकांच्या हातात बसलेलं. त्याच सवयीने त्यांनी माशांची तोंडं गावाकडे केली होती, आणि गाव बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला. "आमच्याकडं पावलं काढत नाय," सुनंदाताई म्हणाल्या, "पर या समद्यांचं बघून मी बी तसंच काढत गेले."

बांधावर दगडूतात्या बसले होते. नदीवर आणखी वर दुसरा बंधारा आहे, त्याच्या लगत त्यांचं शेत. तिथेही जिना हवा तर तात्यांनी जागा सोडायला हवी. त्यांची अट एकच होती: मासा चढताना डोळ्यांनी दिसला पाहिजे, नाहीतर विषय बंद.

"सुनंदे, तुझे भितीवरचे बी चढंनात, पाण्यातले काय चढतील?"

तेवढ्यात चाचा उठले. जिन्याच्या पायथ्याशी पाणी चमचम हलत होतं. "बाई, मासा आलाय. तुमच्या पायांनी बिचकतोय. सब लोग बाहेर!"

"अर्धी भित उलटीच ऱ्हाईल की."

"ऱ्हाऊ द्या. मासा काय भित बघून चढतो?"

सुनंदाताईंनी तात्यांकडे पाहिलं, ब्रश डब्यात टाकला आणि बाहेर आल्या. आम्ही सगळे बांधाआड दबून बसलो. एवढ्या बोलक्या बायका, पण कुणी खोकलंसुद्धा नाही.

एक चंदेरी मासा पहिल्या पायरीवर उडाला आणि खाली पडला. पुन्हा उडाला. राहिला. मग दुसरी पायरी. त्याच्यामागे आणखी तीन, आणि मग मोजायचं कुणाला सुचलंच नाही. शेवटच्या पायरीवरून पहिला मासा वरच्या पाण्यात शिरला तसे तात्या ताडकन उभे राहिले.

"गेला! गेला की गं!"

"तात्या, खाली बसा!" सुनंदाताईंनी त्यांचा सदरा ओढला. "दिसला ना?"

"लई दिसले."

"मग जागा?"

"घ्या. पर भितीवर माझा मासा मीच काढणार."

मग जो कल्ला झाला! बांधावरच भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा सुटला. मला पैसे काढू दिले नाहीत. तुम्ही गेलात तर बचत गटाकडून शेवया विकत घ्या.

घरी येऊन काही आठवडे झाले. लेणी मी अनेकदा पाहिली आहेत, पण वेरूळचा फाटा दिसला की आता आधी आठवतं ते बांधाआडचं रोखून धरलेल्या श्वासांचं कोंडाळं. गटाने भिंत तशीच ठेवली आहे, अर्धे मासे वर, अर्धे गावाकडे. दिवाळीनंतर पाणी उतरलं की वरच्या बंधाऱ्याचं काम सुरू होईल. तात्यांनी चुना टाकून जागा आखून दिली आहे, आणि चाचा सांगतात, माशाला रंग कुठला घ्यायचा यावरून तात्यांचं आत्ताच सुनंदाताईंशी वाजलं आहे.