तक्रार क्रमांक चारशे बारा

ऑफिसात त्यांना सगळे नंतरराव म्हणायचे. तोंडावरसुद्धा. त्यांना राग येत नसे. एकदा कुणीतरी खऱ्या नावाने हाक मारली, तर त्यांनी मागे वळून दुसऱ्याच कुणाला तरी शोधलं.

नाव पडायचं कारण साधं होतं. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये कुणी चूक दाखवली की ते ती एका यादीत लिहीत. यादीचं नाव ‘नंतर’. मी कामाला लागलो तेव्हा ती चारशेच्या घरात होती, आज सहाशेच्या वर गेली आहे. तिला ते फार जपत. रोज तिची प्रत काढून दुसरीकडे ठेवत. चूक दुरुस्त झाली नाही तरी चालेल, हरवता कामा नये, असं त्यांचं म्हणणं.

मी साहित्याचा पदवीधर. प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका माणसांना कळेल अशी लिहायला आणि आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायला मला घेतलं होतं. पहिल्या दिवशी मी विचारलं, हा प्रोग्रॅम करतो काय.

“वेळ सांगतो,” ते म्हणाले.

मला वाटलं, माझी फिरकी घेतायत. पण ते खरंच होतं. इथे दहा वाजले असले तर अमक्या देशात किती वाजलेत, हे तो प्रोग्रॅम सांगतो. आमच्याकडे घड्याळाला कुणी हात लावत नाही. काही देशांत मात्र वर्षातून दोनदा सगळी घड्याळं तासभर पुढेमागे करतात. कधी करायची ते तिथलं सरकार ठरवतं, आणि सरकारांचं मन फिरतं. नंतरराव अकरा वर्षं जगभरच्या सरकारांच्या मनाचा हिशोब ठेवत होते. सलग चार दिवसांची रजा त्यांनी कधी घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

एवढं करून कॉम्प्युटर त्यांचं ऐकत नसे. ते सकाळी बटण दाबत, की तो ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ म्हणून बसे. मग नंतरराव दवाखान्याबाहेर बसल्यासारखे हाताची घडी घालून बसत. प्रिंटर सगळ्यांची पानं छापायचा, फक्त त्यांची गिळायचा. एकदा त्यांचा स्क्रीन गोठला. ते त्याला दहा मिनिटं समजावून सांगत होते, की तू जे करतोयस त्याला काही तर्क नाही. मी मागून वायर काढली आणि परत लावली. तो सुरू झाला. दुपारच्या चहापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या घरी मी एकदा जेवायला गेलो होतो. भिंतीवर, पलंगाशी, टेबलावर आणि त्यांच्या मनगटावर, अशी चार घड्याळं त्यांच्या प्रोग्रॅमवर चालत होती. वहिनींनी मला पाणी द्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावलं. कपाट उघडलं. पिठाच्या डब्यामागे किल्लीचं एक जुनं गजराचं घड्याळ होतं.

“मुलांची शाळा ह्याच्यावर चालते,” त्या म्हणाल्या. “त्यांना सांगू नकोस हं.”

मी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी साहेबांनी नंतररावांना आत बोलावलं. काचेच्या खोलीत बोलावलं, म्हणजे सगळ्यांना दिसलं. बाहेरून तयार प्रोग्रॅम विकत घेणं सोपं पडतं, नव्या वर्षापासून आपण तोच घेऊ, असं साहेब म्हणाले. मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असावं. परदेशात घड्याळांच्या आणि वेळापत्रकांच्या प्रोग्रॅमवर एक परिषद होती. तिथे जाऊन भाषण करा, ते म्हणाले. एका तरी बाहेरच्या संस्थेने आपला प्रोग्रॅम लेखी मागितला तर ठेवू. नाहीतर गुंडाळू.

नंतरराव बाहेर आले आणि खुर्चीत बसले. चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. 

भाषणाला दीड महिना होता. नंतरराव त्याच दिवशी कामाला लागले. पण भाषण लिहायच्या नाही. भाषणाची चित्रं पडद्यावर दाखवायला जे प्रोग्रॅम मिळतात ते त्यांना पटेनात. म्हणून त्यांनी स्वतःचा लिहायला घेतला. सहा आठवडे तो चालला. चित्रं आडवी सरकत, उभी सरकत, विरघळत. भाषण मी दोन दुपारांत लिहिलं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं, ‘वेळ कधीच चुकत नाही’.

साहेबांनी मलाही बरोबर पाठवलं. नंतरराव प्रवासात वस्तू विसरतात, हे कारण. त्यांच्या पिशवीत सात प्रकारचे अडॅप्टर होते. ती पिशवी माझ्याकडे.

मंगळवारी दुपारी विमानातून उतरलो. नंतररावांच्या मनगटावर त्या देशाची वेळ आपोआप आली होती; विमानतळावरचं घड्याळ तिच्यापेक्षा तासभर पुढे होतं. त्यांनी दोन्ही पाहिली.

“एवढा मोठा विमानतळ बांधला, आणि एक घड्याळ लावता येत नाही,” ते म्हणाले.

पुढच्या गावची आमची बस निघून गेली होती. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, बस वेळेवर गेली. नंतररावांनी त्यांना समजावलं की बस तासभर आधी सोडली गेली आहे आणि ही गंभीर बाब आहे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकी लावली. पुढची बस दोन तासांनी होती.

त्या दोन तासांत माझ्या मोबाइलनेही एक तास पुढची वेळ दाखवली. मी त्यांना दाखवला.

“दुसऱ्याच्या प्रोग्रॅमवर चालतो तो,” ते म्हणाले. “मागे कर.”

मी केला. आता लोक विचारतात, का केलास. माझ्याकडे साहित्याची पदवी होती. त्यांच्याकडे अकरा वर्षांची घड्याळं होती.

बुधवारी अकराला भाषण. सकाळी आम्ही हॉटेलच्या जेवणघराशी गेलो तेव्हा त्यांच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. दारावर लिहिलं होतं, नाश्ता सात ते दहा. आत एकजण खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होता. नंतरराव तडक काउंटरवर गेले. तिथल्या मुलीच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं. दहा वाजून दहा मिनिटं.

तुमचं घड्याळ तासभर पुढे आहे, हे त्यांनी तिला फार सौम्यपणे सांगितलं. ती म्हणाली, रविवारीच पुढे केलंय, सगळ्या देशात केलंय. ते हसले. पुढच्या रविवारी करायचं असतं, या नाही, असं म्हणाले. आपल्याकडे पूर्ण तक्ता आहे.

“सर, मी इथेच राहते,” ती म्हणाली.

“राहण्याचा आणि वेळेचा संबंध नसतो.”

तिने आम्हाला दोन केळी दिली.

लिफ्टमध्ये मी हिशोब केला. विमानतळ, बस, मोबाइल, जेवणघर, काउंटर. पाच विरुद्ध एक. मी तो भीत भीत त्यांना सांगितला.

“सत्य मतदानाने ठरत नाही,” ते म्हणाले.

असल्या वाक्यांवर मी परीक्षेत दहा दहा गुणांची उत्तरं लिहिली होती. मी केळं सोललं.

सभागृहाशी पोचलो तेव्हा त्यांच्या घड्याळात साडेदहा होते. अर्धा तास आधी आलो म्हणून ते खूश होते. दारातून लोक कॉफीचे कप घेऊन बाहेर येत होते. दारावरच्या मोठ्या घड्याळात साडेअकरा. टेबलामागे परिषदेच्या संयोजक बसल्या होत्या. पिकलेले केस, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी यादीत नंतररावांचं नाव शोधलं. त्यावर काट मारलेली होती.

तुमचं भाषण अकराला होतं, त्या म्हणाल्या. लोक वीस मिनिटं बसून राहिले. नंतरराव म्हणाले, आत्ता तर साडेदहाच झालेत. बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि नंतररावांचं मनगट पाहिलं.

“हे तुमच्याच प्रोग्रॅमवर चालतं ना?”

“अर्थात.”

“तरीच.” त्यांनी चष्मा काढला. “मी तीन वर्षांपूर्वी कळवलं होतं तुम्हाला. आमच्या सरकारने तारीख एक आठवडा अलीकडे आणली. तेव्हापासून वर्षातला हा एक आठवडा तुमचा प्रोग्रॅम तासभर मागे असतो. तुमचं उत्तरही आलं होतं. भाषा फार छान होती.”

नंतरराव दारावरच्या घड्याळाकडे वळले. मग हळूच म्हणाले, “चारशे बारा.”

त्यांना सगळी यादी पाठ होती. उत्तर मात्र मला पाठ होतं, कारण ते मी लिहिलं होतं. नोकरीतलं माझं पहिलंच पत्र. ‘आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. योग्य वेळी तिचा विचार केला जाईल.’ ‘योग्य वेळी’ या शब्दांवर मी तेव्हा खूश होतो. यादीत चारशे बाराच्या पुढे नंतररावांनी शेरा मारला होता, तोही मी वाचला होता. ‘वर्षातून एकच आठवडा. त्या आठवड्यात कोण काय करतं?’

बाईंनी पाचला, समारोपाआधी, दहा मिनिटं देऊ केली. नंतरराव व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. मी शेजारी बसलो. सात अडॅप्टर मांडीवर.

वहिनींचा फोन आला, मला. पोचलात का वेळेवर, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही.

“घड्याळ?”

“हो.”

“त्यांना दे फोन.”

त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. नंतरराव तीनदा हो म्हणाले. फोन परत दिला आणि कॉम्प्युटर उघडला. त्यावर आलं, ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका.’ त्यांनी हाताची घडी घातली. आम्ही चाळीस मिनिटं बसून राहिलो. मग त्यांनी चारशे बारा दुरुस्त केली. एका ओळीतली एक तारीख. मनगटावरच्या घड्याळातही नवा प्रोग्रॅम भरला. सगळं मिळून सात मिनिटं लागली. मी मोजली. तीन वर्षं आणि सात मिनिटं.

पाच वाजता ते व्यासपीठावर गेले. तिथल्या पडद्याची वायर आठव्याच प्रकारची निघाली. मी खालून रिकामे हात दाखवले. सहा आठवड्यांचा तो चित्रं दाखवायचा प्रोग्रॅम पिशवीतच राहिला. नंतररावांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं.

“माझ्या भाषणाचं नाव होतं, वेळ कधीच चुकत नाही,” ते म्हणाले. “मी अर्धा तास उशिरा आलो. माझ्याच प्रोग्रॅममुळे.”

लोक खदखदून हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या. ते हसू संपेपर्यंत थांबले.

“ही चूक मला तीन वर्षांपूर्वी कळवली होती. मी ती नंतरसाठी ठेवली.”

या वेळी कुणी हसलं नाही. त्या सभागृहात दोनशे प्रोग्रॅमर होते. दोनशे याद्या असणार.

पुढे ते सहा मिनिटं बोलले, सरकारांबद्दल आणि तारखांबद्दल. माझ्या भाषणातलं एकही वाक्य त्यांनी घेतलं नाही. ते बरं झालं.

नंतर लोकांनी त्यांना गराडा घातला. मुद्दाम उशिरा यायची कल्पना काय अफलातून होती, म्हणाले. नंतररावांनी प्रत्येकाला सांगितलं की मुद्दाम नव्हतं. प्रत्येकाला ते अधिकच अफलातून वाटलं. एकाने तर पुढच्या वर्षी आपणही असंच करणार म्हणून सांगितलं. प्रोग्रॅम मात्र कुणी मागितला नाही. लोक गेले. नंतरराव घड्याळ हातात घेऊन उभे राहिले. साहेबांना काय सांगायचं, ते मी मनात जुळवायला लागलो.

तेवढ्यात संयोजक बाई आल्या. अंगात कोट, हातात छत्री. त्यांची संस्था चाळीस गावांच्या बसची वेळापत्रकं करते. मागणीचं पत्र त्या द्यायला तयार होत्या. लेटरहेड पर्समध्येच होतं.

“पण तुमच्या यादीत माझ्या आणखी दोन तक्रारी आहेत.”

“चारशे एकोणीस आणि पाचशे तीन,” नंतरराव म्हणाले.

“त्या झाल्या की सही करते.”

“मी गेल्या गेल्या...”

“नाही,” बाई म्हणाल्या. “नंतर नाही.” आणि पहिल्या रांगेत छत्री मांडीवर घेऊन बसल्या.

नंतरराव व्यासपीठाच्या पायरीवर बसले. चारशे एकोणीस पंधरा मिनिटांत झाली. पाचशे तीनने दीड तास घेतला. भिंतीतला प्लग सैल होता, तो मी दाबून धरला होता. कामगार खुर्च्या एकात एक रचत पुढे पुढे येत गेले. शेवटी सभागृहात एकच खुर्ची उरली. तिच्यावर बाई होत्या.

त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर तिन्ही दुरुस्त्या तपासल्या. एकदा नाही, दोनदा. मग पत्रावर सही केली, खाली तारीख घातली आणि मान वर करून भिंतीवरच्या घड्याळातली वेळही लिहिली.

नंतररावांनी पत्राची घडी केली नाही. ते पुठ्ठ्यात ठेवून पुठ्ठा छातीशी धरून चालले. मोबाइल मी एक तास पुढे केला.

बसस्थानकावर उजेड होता. तिथल्या बाकावर भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई बसल्या होत्या. नंतररावांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. ते आता अगदी बरोबर होतं. ते बाईंकडे वळले.

“किती वाजले हो?”

बाईंनी सांगितलं. त्यांनी ताडून पाहिलं.

“बरोबर आहे,” ते मला म्हणाले.

थोड्या वेळाने बस आली. चढता चढता त्यांनी ड्रायव्हरलाही विचारलं.