गढाईची साडी

जुन्या वास्तूंविषयी हळवेपणाने बोलणारी माणसे मला तेव्हाही सहन होत नसत. मी भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात होते. सुटीच्या दिवशी भिवंडीच्या आसपासची देवळे, मशिदी आणि पडके बुरूज पाहत हिंडत असे, पण त्यामागे भक्ती नव्हती आणि इतिहासप्रेमही नव्हते. मला दगड हवा होता. खाडीच्या खाऱ्या हवेत बसाल्ट किती वेगाने झिजतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी उघडा दगड लागतो, आणि दगड उघडा ठेवणे म्हणजे त्याचा अपमान, अशी सगळ्यांची समजूत. एका देवळाच्या खांबांना गुलाबी ऑइलपेंट, दुसऱ्याच्या गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स, एका मशिदीच्या कोरीव पायऱ्यांवर हिरव्या रंगाचे थर. रंगाच्या बाबतीत दोन्ही धर्मांचे पूर्ण एकमत होते. या शहरात इतके एकमत मी दुसऱ्या कशावरही पाहिलेले नाही.

एकच दगड मनासारखा मिळाला होता. अंजूरच्या पलीकडे एका गावात, शेताच्या बांधावर, कमरेएवढ्या उंचीचा. वर चंद्रसूर्य, मधे लेख, आणि खाली एक गाढव व एक स्त्री. कोकणात असे दगड बरेच आहेत. त्यांना गद्धेगाळ म्हणतात. राजाने दान दिलेली जमीन जो बळकावील त्याच्या आईवर गाढव चढेल, अशी ती दगडात कोरलेली शिवी असते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खाली चित्र. मला त्या शिवीशी कर्तव्य नव्हते. या लेखात शकाचा आकडा शाबूत होता, एवढेच महत्त्वाचे. अक्षरे कधी कोरली ते ठाऊक असले आणि त्यांच्या कडा आज किती बोथट झाल्या ते मोजता आले, की झिजेचा वेग काढता येतो. माझ्या बाकीच्या एकाही दगडावर काळाची नोंद नव्हती. सगळा प्रबंध या एका दगडावर उभा होता, आणि परदेशातल्या शिष्यवृत्तीचा माझा अर्ज त्या प्रबंधावर.

मार्गदर्शकांनी माझी पहिली मोजणी पाहून वही परत सरकवली. "एका दिवसाच्या नोंदीवर निष्कर्ष काढणार? पुन्हा जा."

पावसामुळे जाणे काही महिने लांबले, मी भाद्रपदात पुन्हा गेले. अंजूरला रिक्षावाल्याला गावाचे नाव सांगितले, तर तो म्हणाला, "गढाई माता? बैठो, बैठो." गढाई कोण, ते मला तिथे पोचल्यावर कळले. बांधाच्या जागी टाइल्सचे देऊळ होते आणि आत माझा दगड. त्याला नखशिखांत शेंदरी ऑइलपेंट फासलेला, वर चांदीच्या रंगाचे डोळे काढलेले, आणि कमरेपासून खाली हिरवी नऊवारी. अक्षरांच्या खाचा रंगाने भरून सपाट झाल्या होत्या. खाचांची खोली मोजायचा कॅलिपर हातात धरून मी नुसती उभी राहिले.

देवळात एक म्हातारी फरशी पुसत होती. शेजारी तिचा मुलगा, जमिनीचा मालक. पांढरा शर्ट, खिशात मोबाइल, मागच्या शेतात त्याच्या नव्या गोदामाचे खांब उभे राहत होते.

"काय मोजतेस, बाय?" त्याने विचारले. "सरकारी हायेस का?"

मी विद्यार्थिनी असल्याचे सांगितले आणि रंग काढण्याची परवानगी मागितली.

"आईचा रंग काढायचा? डोकं ठिकानावर हाय ना?"

म्हातारीने मात्र फडके पिळत माझ्याकडे नीट पाहिले. "कशाला पायजे तुला?"

"परीक्षेसाठी, आजी."

"मंग असं कर. घटाच्या आदल्या दिशी आमी हा रंग खरवडून नवा देनार हाव. त्या सकाळी ये. तुझं मोजून झालं का मंग लावू." आणि मुलाला म्हणाली, "पोरीचं शिक्षन हाय रं. आपलं काय जातंय?"

त्याने खांदे उडवले. माझे काम झाले होते. प्रबंधाची मुदत दसऱ्यानंतरची होती. मी तिथून निघून जायला हवे होते.

पण त्याला बोलायचे होते. "शिकलेल्या पोरींना देव दिसत न्हाय, नुसता धोंडा दिसतो. लगीन झालं? न्हाय ना? तेच." मग त्याने गोदामाकडे हात केला. "ही सगली आईची किरपा. गडाची राखनदार म्हनून गढाई. तिनं राखली म्हनून जमीन आमच्या हातात आली."

"इथे गड कुठे आहे?"

"आसंल पयला. तुमच्या पुस्तकात नसंल."

माझ्यातला राग मला आजही नेमका आठवतो. तो श्रद्धेवरचा नव्हता. चुकीची व्युत्पत्ती छाती काढून सांगितली जाते आणि मी परवानगीसाठी ती ऐकून घ्यायची, याचा होता. मी पुढे झाले आणि दगडावरची साडी वर उचलली.

"गड नव्हे," मी म्हणाले. "गाढव. हे पाहा."

रंगाखालीही चित्र स्पष्ट होते. मी लेखाचा अर्थ सांगितला, वर्गात सांगावा तसा, एकही शब्द न गाळता. ही देवी नाही, ही शिवी आहे. दानाची जमीन जो घेईल, त्याच्या आईवर.

गोदामावरचे मजूर दाराशी जमून ऐकत होते. मग म्हातारीने शांतपणे विचारले, "कोनाच्या आईवर?"

"जो जमीन घेईल त्याच्या."

तिने मुलाकडे पाहिले नाही. ती उठली, माझ्या हातातून साडीचे टोक घेतले आणि निऱ्या पुन्हा नीट बसवल्या. मुलगा मला म्हणाला, "चल, भायेर हो." मी बाहेर झाले. परतताना रिक्षात मला विजयाचा आनंद होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

घटाच्या आदल्या सकाळी मी कॅलिपर, भिंग, वही घेऊन वेळेवर पोचले. देवळात संगमरवरी मूर्ती होती, आठ हातांची, खाली सिंह, अंगावर तीच हिरवी नऊवारी. म्हातारी एकटीच होती.

"दगड कुठे आहे?"

"पोरानं टेम्पोत घातला. कशेलीच्या पुलावरून सोरला खारीत." तिच्या तोंडी 'ड'चा बहुधा 'र' होई, 'खाडी'ची 'खारी'. "त्याला झोप लागंना. ये-जा करनारा जो तो त्याला गाढव म्हनून चिरवाया लागला."

मी म्हणाले, "मी खरे तेच सांगितले, आजी."

"खोटं कुटं म्हनते मी?" ती म्हणाली. "माझी सासू मला त्या बांधावर नेऊन सांगायची, बघ, वाईट वागलीस का असं व्हतं. मला ठाव न्हवतं का, खाली काय हाय ते? बाईमानूस उगरं परलं व्हतं शेतात, येनारा-जानारा बघनार. म्हनून साडी मी नेसवली."

मी वही उघडली.

"पुलाच्या कोणत्या बाजूने सोडला?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिले, मग फडके बादलीत बुडवले आणि मी उभी होते तिथली फरशी पुसायला घेतली. मी पाय मागे घेतले. ती पुसत पुढे आली, तशी मी आणखी मागे झाले, आणि अशीच उंबऱ्याबाहेर आले.