बुडालेल्या गावचा रहिवासी

फीमाफीच्या अर्जात एक रकाना होता: वडिलांचे कायमचे राहण्याचे ठिकाण. बाकीचा अर्ज मी शाईनं भरला होता, तेवढा रकाना शिसपेन्सिलीनं. खिडकीपलीकडच्या कारकुनांनी तो वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "हे गाव कुठं आलं?"

"मुळशीला," मी म्हणालो.

"मुळशीला कुठं?"

"धरणात."

रांगेत माझ्या मागं उभी असलेली मुलं हसली. मी थट्टा केली नव्हती. दुसरं खरं उत्तर मला सुचलं नव्हतं, इतकंच.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. गरीब घरच्या मुलांना कॉलेजची फी माफ होत असे, पण मुलगा याच राज्याचा रहिवासी आहे असा मामलेदार कचेरीचा दाखला अर्जाला जोडावा लागे. उत्पन्नाचा दाखला मी आणला होता. रहिवासाचाही लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला, आणि वाडीतून पुण्याला शिकायला आलेलाही पहिलाच.

"मी मुळशीचाच आहे हो," मी पुन्हा म्हणालो.

"ते तुमच्या बोलण्यावरून कळतंय," कारकून म्हणाले. "पण बोलणं फायलीला टाचता येत नाही. महिनाअखेरपर्यंत दाखला आणा. नाही आणलात तर पूर्ण फी भरायची, ती नाही भरलीत तर नाव कमी होईल." त्यांच्या आवाजात राग नव्हता. हे वाक्य त्या दिवसात त्यांनी बऱ्याच जणांना सांगितलं असावं.

फी भरणं शक्यच नव्हतं. एका लांबच्या नातेवाइकांच्या खोलीत मला कोपरा मिळाला होता आणि जेवणापुरतं मी संध्याकाळी एका छापखान्यात कागदांना घड्या घालून मिळवत होतो. माफी मिळाली तर कॉलेज, नाही तर परत वाडी. मधलं काही नव्हतं.

त्या गावाबद्दल सांगायला हवं. माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी धरण झालं आणि आमचं गाव पाण्याखाली गेलं. आजोबा माणसं आणि गुरं घेऊन वर डोंगरउतारावर आले. तिथं सात-आठ घरांची वाडी झाली. माझा जन्म त्या वाडीतला. पण आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळेत माझं नाव घालताना जन्मगाव म्हणून खालच्या गावाचं नाव सांगितलं आणि गुरुजींनीही ते लिहून घेतलं. आबा कुठल्याच कागदावर वाडीचं नाव लागू देत नसत. मतदारांची यादी करणारे लोक आले, तेव्हा आबांनी त्यांना गावाचं नाव लिहायला सांगितलं. ते म्हणाले, तसं गाव आमच्याकडं नाही. आबा म्हणाले, मग माझंबी नाव नगं. ते गुरांकडं निघून गेल्यावर आईनं त्या लोकांना हाक मारून आपलं नाव घालून घेतलं. आई मत देऊनही आली. हे आबांना कळलं तेव्हा ते दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

यामागं त्यांचा एक ठाम समज होता. आजोबांनी जमिनीची भरपाई कधी घेतली नव्हती. तेव्हा जमीन आपलीच आहे, पाणी तिच्यावर आलंय एवढंच, असं आबा धरून चालत. आपण दुसऱ्या जागचे आहोत असं एकदा लिहून दिलं की हक्क सुटला. उन्हाळ्यात पाणी खाली जाई तेव्हा ते गाळात उतरत. आमच्या बांधाचे दगड उघडे पडलेले असत. तिथं ते काकड्या लावत. त्या फार मोठ्या येत नसत, पण आबा त्या शेजाऱ्यांना वाटत आणि कुठल्या वावरातल्या आहेत ते नावानिशी सांगत.

कारकुनांनी सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एस.टी.नं निघालो. पिरंगुटला गाडी बराच वेळ थांबली, पौडला त्याहून जास्त. पुढं उतरून मी तलाठ्यांच्या चावडीवर गेलो. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी माझा शाळा सोडल्याचा दाखला हातात घेतला आणि त्यांच्या मिशा हलल्या.

"पाण्यात जन्मलास व्हय रे? मासा हायस का काय?"

मी दाखल्यावरच्या गावाच्या नावावर बोट ठेवलं.

"या गावाचं दप्तर माझ्याकडं न्हाई. जे गाव न्हाई त्या गावचा रहिवासी मी कसा लिहू?" असं म्हणून त्यांनी मला बसायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. "सोपं हाय. वाडी माझ्या दप्तरात हाय. इतकी वर्षं आम्ही वाडीत राहतो, असा तुझ्या बापानं जबाब द्यायचा. खाली अंगठा. मी माझा अहवाल जोडतो, कचेरी दाखला देते."

"मी दिला तर चालेल का जबाब?"

"वय काय तुझं?"

"अठराला पाच महिने कमी आहेत."

"मग न्हाई चालत."

"आईचा? तिचं नाव मतदार यादीत आहे."

"बाप जिवंत असताना आईचा जबाब कचेरी घेत न्हाई." त्यांनी दप्तर मिटलं. "एका अंगठ्याचं काम हाय बाळा. जा, घेऊन ये बापाला."

ते एका अंगठ्याचं काम नव्हतं, आणि ते मी त्यांना समजावून सांगू शकलो नाही.

घरी आबा मला बघून खूश झाले. मी सगळं सांगेपर्यंत ते चुलीपाशी बसून ऐकत होते. मग म्हणाले, "वाडीचं नाव लिवायचं?"

"राहतो तिथलंच लिहायचंय, आबा. जमिनीशी त्याचा संबंध नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"भाऊसाहेबांनी."

"भाऊसाहेब सरकारचा मानूस. त्यो दुसरं काय सांगंल?" ते माझ्यावर चिडले नव्हते. मला समजेल अशा बेतानं सावकाश बोलत होते. "तुज्या आज्यानं पैसं उचललं न्हाईत. त्याला लई जणांनी सांगितलं, घे म्हणून. मी अंगठा दिला तर त्याचं सगळंच वाया गेलं की न्हाई?"

आई भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पोराचं वरीस वाया जाईल त्याचं काय?"

"मी कुटं म्हनतो शिकू नगं? माज्या गावच्या नावानं दाखला द्या म्हनावं."

मी हट्ट करायला हवा होता. पण आबांशी मोठ्यानं बोलायची मला सवय नव्हती. शिवाय त्यांचं म्हणणं चूक आहे हे मला पटत असलं तरी ते चूक कसं आहे हे सिद्ध करण्याइतकं मला काही येत नव्हतं. मी कॉलेजात जेमतेम महिनाभर बसलो होतो.

सकाळी आबा स्वतःहून म्हणाले, "एक वळ घालायला सांग. मूळ गाव अमुक, ते पान्याखाली हाय, त्यावरचा आमचा हक्क आमी सोडल्याला न्हाई. ही वळ आसंल तर देतो अंगठा."

मला केवढं हलकं वाटलं. आम्ही दोघं चावडीवर गेलो. भाऊसाहेबांनी डोकं खाजवलं, पण आबा समोर बसलेले बघून त्यांनी ती ओळ लिहिली. आबांनी ती माझ्याकडून दोनदा वाचवून घेतली. मग शाईच्या पॅडवर डावा अंगठा घासून तो इतका दाबून उठवला की कागदाला मागून फुगवटा आला. परतीच्या वाटेवर ते माझ्याशी कधी नव्हे इतकं बोलले. खालच्या गावात देवळासमोर आंब्याचं झाड होतं, आणि त्याच्या कैऱ्यांवरून आजोबांचं कुणाशी भांडण झालं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन आठवड्यांनी मी कचेरीत गेलो. दाखला तयार नव्हता. माझा कागद परत आला होता. हक्काच्या ओळीवर तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारलेली होती, आणि बाजूला शेरा होता: हा मजकूर वगळून नवीन जबाब सादर करावा.

तो कागद घेऊन मी भाऊसाहेबांकडं गेलो. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "रहिवासाच्या कागदात हक्काची भानगड कोण घेईल?" त्यांनी लगेच नवा जबाब लिहिला. त्यात ती ओळ नव्हती, गावाचंही नाव नव्हतं. आम्ही वाडीत कायमचे राहतो, एवढंच होतं. "आज बापाचा अंगठा आण. उद्या साहेब कचेरीत हायेत. परवापासून ते फिरतीवर." महिना संपायला चार दिवस उरले होते.

मी वाडीकडं चालत निघालो. मनात वाक्यं जुळवत होतो. आबा खाचरात होते. भाताची आवणी चालली होती, आणि आबा, आई आणि शेजारची दोन माणसं वाकून रोपं लावत होती. आबांनी मला बांधावर बघितलं आणि ते पाठ सरळ करून उभे राहिले.

"झालं का काम?" त्यांनी विचारलं, आणि मी उत्तर देण्याआधीच शेजाऱ्याकडं वळले. "ऐकलं का, सरकारच्या कागदावर लागलं गावाचं नाव. पोरानं लावून घेतलं. इतक्या वर्सांत कुनाला जमलं न्हाई."

शेजारी म्हणाला, "मग आता पानी कवा सोडत्यात इचार की."

सगळे हसले. आबाही हसले. आई मात्र माझ्याकडं बघत होती. तिला काहीतरी समजलं असावं.

मी म्हणालो, "थोडं राहिलंय. मला परत जायचंय आजच."

"जेवून तरी जा."

"एस.टी. चुकेल."

खिशात घडी केलेला नवा जबाब होता. तो मी बाहेर काढलाच नाही. त्या बांधावर मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. आबांना सांगितलं असतं तर त्यांनी अंगठा दिला नसता, आणि त्यांचा तो आनंदही गेला असता. न सांगता परत गेलो असतो तर कॉलेज गेलं असतं. हे दोन्ही मला स्पष्ट दिसत होतं. तिसरं जे दिसत होतं त्याकडं मी बघत नव्हतो, तरी पाय चालायला लागले तेव्हा माझं ठरलेलंच होतं.

उतारावर एका मोठ्या दगडाआड मी बसलो. पेनातली शाई डाव्या अंगठ्यावर पसरली आणि आबांच्या नावाखाली अंगठा उठवला. शाई जास्त झाली होती. कडा फुटल्या.

भाऊसाहेबांनी कागद उजेडाला धरला. आधीचा जबाब शेजारीच पडला होता. त्यावरचा आबांचा अंगठा रुंद होता, मधे विळा लागल्याचा जुना व्रण होता. नव्या कागदावरचा अरुंद होता. मग त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं.

"बाप बारीक झाला रे लगेच," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "हात धू. उद्या कचेरीत असा जाऊ नगंस." त्यांनी अहवालावर सही केली आणि जुना जबाब माझ्याकडं सरकवला. "हा माझ्या दप्तरात नको."

दाखला मिळाला, फी माफ झाली. कारकुनांनी मी पेन्सिलीनं लिहिलेला रकाना खोडून माझ्यासमोर वाडीचं नाव शाईनं लिहिलं आणि अर्जावर शिक्का मारला. वर्गात परत जाऊन बसलो. आनंद व्हायला हवा होता. मी वहीत उतरवून घेत होतो, पण प्राध्यापक काय सांगताहेत ते कळत नव्हतं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आबांनी पहिलं हेच विचारलं, "त्या कागदाची नक्कल मिळंल का? आपल्यापाशी असावी." मी याच प्रश्नाला भिऊन होतो. जुना जबाब माझ्याबरोबर आणलेल्या ट्रंकेत होता. नक्कल नाही मिळणार असं सांगता आलं असतं. पण ते इतक्या आशेनं विचारत होते की मी तोच काढून दिला. ते तो घेऊन दारात गेले. वाचता येत नसलं तरी स्वतःचा अंगठा त्यांनी ओळखला.

"ही तांबडी रेघ कसली?"

"ती तुमची ओळ आहे, आबा. महत्त्वाची म्हणून खूण केलीय."

त्यांनी मान हलवली. कागद कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवला. पुढं कुणी पाहुणा आला की ते मला तो काढून वाचायला सांगत. मी रेघेखालची अक्षरं मोठ्यानं वाचत असे. आबा जगले तोवर हे मी किती वेळा केलं ते मोजलेलं नाही. त्या ओळीनं जमीन परत येणार नव्हती, आणि ती गाळल्यानं आणखी काही बुडणारही नव्हतं, असं मी स्वतःला समजावत आलो. आबांना मात्र मी ते कधी सांगितलं नाही.

फीमाफीचा अर्ज दरवर्षी नव्यानं करावा लागे. पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा चावडीवर गेलो. मला अठरा पूर्ण झाली होती. भाऊसाहेब म्हणाले, "आता तुझा तू दे जबाब. बापाला त्रास नको." त्यांनी कोरा कागद पुढं केला. मी खाली मान घालून स्वतःच्या अक्षरात लिहिलं की मी या वाडीचा कायमचा रहिवासी आहे. मूळ गावाचं नाव त्यांनी विचारलं नाही, आणि मी ते लिहिलंही नाही. सही केली. वाडी तिथून दोन तासांच्या चालीवर होती. मी पुण्याची एस.टी. धरली.