बोलणारा रांजण

माझी नात आणि तिचा मानपूरचा मित्र शिल्पकार आहेत, असं ते दोघंच म्हणतात. इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये त्यांनी माणसाएवढा पत्र्याचा रांजण ठोकला. आत डोकं घातलं की म्हातारीचं बोलणं ऐकू यायला हवं. का, ते विचारू नये. अर्धा तास इंग्रजी ऐकावं लागतं. म्हातारी अर्थात मी.

इस्त्रीची साडी नेसून गेले, कारण आवाज रेकॉर्ड करायला साडी लागतेच! मला रांजणाच्या तोंडाशी उभं केलं, माईक आत. तो दिसताच माझ्यातली कॉलेजकन्या जागी झाली. ही बया वक्तृत्व स्पर्धेसाठी दातांत पेन्सिल धरून पुणेरी बोलायची. जन्म इंदूरचा, घरात निम्मं हिंदी, आणि थाट असा की सकाळीच पर्वती उतरून आलीय. परीक्षकांना वाटायचं, पोरीला सर्दी झालीय.

मी तोच सूर लावला, "बालपणीचे ते रम्य दिवस..."

मित्राने हेडफोन काढले. "आजी, ये तो स्टेशन की घोषणा हो गई. शब्द नकोतच. नुसता पत्रा वाजू दे."

"मग तूच बस पत्रा ठोकत, मी चालले," नात म्हणाली. प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी, तुकोगंजात; आणि हे दोघं वेगळे व्हायला निघालेले.

तेवढ्यात त्याने रंगाचा ब्रश चहाच्या कपात बुडवला. माझ्या घरच्या कपात!

"काय करून राहिलास रे भिया? अक्कल क्या मानपुर में छोड़ आया? ऊठ, धू आधी!"

माईक चालूच होता; माझ्या अस्सल इंदुरी बोलीनं रांजण झणझणला. त्याचा पत्रा, तिचे शब्द, दोन्ही एकदम. दोघांनी एकमेकांना टाळी दिली. भांडण विसरले, नालायक.

"आज्जी, हेच ठेवू?" नात हळूच म्हणाली. "नको म्हणालीस तर पुसते. मग रांजण मुकाच जाईल."

उद्या पुण्याहून नणंद येणार होती. लग्न झाल्यापासून तिच्यासमोर मी पेन्सिलवालंच मराठी बोलत आलेय. आतली कॉलेजकन्या कळवळली, नको गं! पण तिचं ऐकून आजवर मिळालं काय? एक ढाल, तीही उत्तेजनार्थ.

"ठेव," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नणंदेनं रांजणात डोकं घातलं आणि दचकून बाहेर काढलं. "अगंबाई, कोण ही कजाग?"

"मीच हो वन्सं. आणि तो चहाचा कप शिल्पावर नका ठेवून राहू."